न ठोकलेले खिळे

"ओढ दोरी," मुकादम म्हणाला.

करवतवाल्याने दोरी ओढली. यंत्राची करवत एकदा ठसकली आणि सुरू झाली. जंगलातल्या सगळ्यात जुन्या झाडापाशी तो उभा होता. झाडावर पाटी होती: 'सावधान! इथल्या झाडांत खिळे ठोकले आहेत. करवत लावू नये.' पलीकडे, जंगल वाचवायला जमलेल्या लोकांच्या पुढे, त्याची आई उभी होती. तिचं हार्डवेअरचं दुकान होतं. पाटी तिच्याच अक्षरात होती.

खिळा एकही नव्हता. हे फक्त तिला आणि शेजारच्या शिवणकामवालीला माहीत होतं. चालत्या करवतीला खिळा लागला की साखळी तुटून थेट तोंडावर येते. आणि करवती चालवणारे काही परके नव्हते, कुणाचा भाऊ, कुणाचा जावई. म्हणून नुसती थाप मारायचं ठरलं. परवा कोर्टात तारीख होती. तोवर झाडं उभी राहिली पाहिजेत. सगळं आडवं झाल्यावर स्थगिती घेऊन काय करायचं?

कालपर्यंत थाप पचली. टोळीतलं कुणी करवतीला हात लावेना. पण मुकादम काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. आज त्याने बरोबर हिच्या मुलाला पुढे केलं. मुलगाही हसत हसत तयार झाला.

"अरे, खिळेबिळे काही नाहीत," तो करवतीच्या आवाजावर आवाज चढवून जोडीदारांना म्हणाला. "माझी आई आहे ती! एवढासा उंदीर मारायचा तर बाबांना हाक मारते. ती काय माणसाचं तोंड फोडणार?"

टोळी हसली. बाकीच्यांनीही आपापल्या करवती उचलल्या. आईला त्या क्षणी पोराचं कौतुकही वाटलं आणि त्याचा रागही आला. त्याचं म्हणणं अगदी खरं होतं, आणि त्यापायी संध्याकाळपर्यंत अर्धं जंगल गेलं असतं.

करवत सालीला टेकणार तोच ती पुढे धावली.

"थांब! आहेत खिळे."

त्याने यंत्र बंद केलं. अजून तो हसतच होता. "आई, खरं सांग."

"आहेत. मीच ठोकलेत. आपल्याच दुकानातले, चार इंची."

"मी या टोळीत आहे हे माहीत असून?"

मुकादम तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. तिने मुलावरची नजर हलू दिली नाही.

"माहीत होतं," ती म्हणाली.

त्याचं हसू मावळलं. त्याने करवत खाली ठेवली, हातमोजे काढले. "ठेवा रे खाली," तो जोडीदारांना म्हणाला. "कुठल्याच झाडाला हात लावू नका." मुकादमाने शिव्यांचा पट्टा सोडला, पण कुणी जागचं हललं नाही. मुलगा आईच्या अगदी जवळून गेला आणि ट्रकमध्ये मागे जाऊन बसला, तिच्याकडे पाठ करून.

शिवणकामवालीने तिचा दंड घट्ट धरला. "परवा स्थगिती मिळाली की लगेच सांगून टाक त्याला खरं," ती कुजबुजली. "दोन दिवस कळ काढ."

"हो," आई म्हणाली. तिचे डोळे ट्रकवरच होते. "आणि तारीख पुढे गेली तर?"