वरचा सूर

“सर, आपल्यात बेसूर कोण गातं?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून चर्चच्या गायकवृंदात मी हे सर्वांसमोर विचारलं. हल्ली मला शिंगंच फुटली होती.

“तूच सांग, तुझे कान तिखट आहेत,” सर म्हणाले.

वरच्या सुराला मीच घसरत होते, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी शेजारी बोट दाखवलं. तिथे शिंपीणमावशी होत्या, लहानपणापासून माझे फ्रॉक शिवणाऱ्या. त्यांनी वही मिटली आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

पुढच्या रविवारी वरचा सूर मला अलगद लागला. शेवटी तो जरासा थरथरला, अगदी मावशींचा थरथरायचा तसा.

“काय गळा आहे गं!” मैत्रिणी कुजबुजल्या.

मी मागे पाहिलं. मावशींचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. मला मान वर करवेना.

घरी आई भाजी निवडत होती, बाबा पाठमोरे इस्त्री करत होते. मी एकटीच दारात उभी राहून म्हणाले, “मी उद्या सरांना सगळं खरं सांगणार आहे. मागच्या बाकावर मी जायला हवं होतं.”

मागे न बघताच, नुसत्या आवाजावरून बाबा म्हणाले, “या ना मावशी, दारात का उभ्या?”