अंगठ्याचं कुलूप

धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी मी वाचायला शिकलो. शिकवलं दहा वर्षांच्या नातीने. तिच्या वर्गबाई म्हणाल्या, "मुलांच्या फोनला मोठ्यांचं कुलूप हवंच." मुलगा-सून दिवसभर कामावर, म्हणून कुलूप माझ्या अंगठ्याचं; फोनवर काही नवं सुरू करायचं तर तो आधी टेकवायचा. "बाबा, वाचल्याशिवाय अंगठा टेकवायचा नाही हं," सून म्हणाली. "अगं, जन्मभर न वाचताच टेकवलाय," मी हसलो. लग्नघाईत नातीने फोन पुढे केला. "आजोबा, नवी मैत्रीण झालीय, अंगठा द्या ना." पडद्यावर चार ओळी होत्या. मी अक्षरं जुळवू लागलो. "किती हळू वाचता हो," ती म्हणाली. मी ओशाळलो, अंगठा टेकवला. त्या ओळी पोलीसचौकीत पूर्ण वाचल्या: व्यक्ती अनोळखी आहे, मुलीशी बोलू द्यायचं का? मैत्रीण नव्हतीच, चाळिशीचा पुरुष होता. लग्नानंतर अकराव्या दिवशी नात त्याला भेटायला गेली, त्याच दिवशी मेली.