मीटरचा काटा

तृप्तीचा भाऊ मोटारसायकलच्या अपघातात गेला, तेव्हापासून नवऱ्यामागं बसली की तिची नजर मीटरवरच असायची. काटा पन्नासपुढं सरकला, की ती सोमेश्वरला चिमटा काढायची. हल्ली काटा पन्नासलाच थांबायचा, तरी ती त्याचा शर्ट घट्ट धरून बसायची.

परतूरला सर्व्हिसिंगसाठी थांबले असताना सोमेश्वर चहाला गेला, तशी ती मुझफ्फर मिस्त्रीला हळूच म्हणाली, "भाऊ, काटा दहानं पुढं करून द्या, पण यांना सांगू नका. तेवढीच गाडी हळू चालवतील."

मुझफ्फरनं एकदा काट्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं.

"करतो ताई. मंग मीटर एकदम बराबर होईल. मागच्या महिन्यात सोमेश्वरभाऊंनी काटा दहानं मागं करून घेतल्ता."