दारावरचं कमळ

भूकंपात जुनं गाव आडवं झालं, त्याला आता लई वर्षं झाली. यंदा आमच्या नव्या गावात ग्रामपंचायतीची इमारत उभी राहिली. आलोक इंजिनेरनं हौसेनं तिच्या दारावर जुन्या गावातला कोरीव दगड बसवला. दगडाच्या मधोमध कमळ.

माईकवर म्हणला, "हे कमळ म्हणजे आपल्या गावाच्या भरभराटीचं प्रतीक आहे."

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवण्यात आमचं गाव एक नंबर. फीत कापायचा मान वयानं मोठे म्हणून वैजनाथ आबांना दिला, पर आबा पायरीच चढंनात.

"फेटा न्हाई बांधला म्हणून रुसलं जणू म्हातारं!" मागून कुणीतरी हसलं.

सरपंच पळत जाऊन फेटा घेऊन आले. आबांनी तो बांधून घेतला अन् तिथंच उभे राहिले.

मग आलोकनं येऊन त्यांचा हात धरला. "चला ना आबा. दगड ओळखला नाही का? तुमच्याच घराच्या ढिगाऱ्यातला आहे, चौकटीवरचा. मुद्दाम शोधून आणला."

"वळखला की, बाबा." आबा वर बघत म्हणले. "गणपती बोळवला त्या दिशी आमच्या कारभारणीनं, सिंधूनं, ह्याच कमळाला कुंकू लावलं हुतं. पहाटं जमीन हालली. उजाडल्यावर लोकांनी हा दगड उचलला, तवा कुंकू तसंच हुतं. कमळावर बी, अन् खाली तिच्या कपाळावर बी."