संत्र्याची परवानगी

एक खिडकी उघडली की जगाचे दरवाजे उघडतात, हे सत्य मोर्शीत खुशालरावांच्या ओट्यावर सिद्ध झालं. आजवर दुबईला संत्रा पाठवायचा तर सात कार्यालयांचे शिक्के मिळवण्यात महिना जाई. म्हणून फळ कच्चं असतानाच ते अर्ज करत. कागद आणि संत्रा सोबत पिकत. यंदा सरकारने सातही कार्यालयं एकाच संकेतस्थळावर बसवली. लेक चंदाने नेहमीच्या मुहूर्तावर अर्ज भरला आणि चहा निवायच्या आत ओरडली, “बाबा, परवानगी आली!” “कोनाची?” “साऱ्यायची!” खुशालरावांनी तडक पेढे मागवले. पत्नी कौशल्याबाईंनी बागेकडे पाहिलं. “अवो, संत्रा तं हिरवाच हाय. दुबईले काय पाला धाडता?” “हाय तं हाय! जल्मात पयल्यांदा सरकार आपल्या पुढे गेलं. पाहू दे त्याले आपली वाट!” सगळ्यांनी आनंदाने पेढे खाल्ले. परवानगीची मुदत आठ दिवसांची होती.