हिरवं वर्तुळ

"मावशी, तुमची वस्ती हिरव्या वर्तुळात येते. दवाखाना फक्त चारशे मीटरवर आहे," मी सर्वेक्षणाच्या टॅबवरचा नकाशा दाखवत म्हणालो.

शेवंताबाईंनी नाल्यापलीकडच्या पिवळ्या इमारतीकडे बोट केलं. "दिसतो की रोज. पण मधी पूल कुठाय? चल, आमचा रस्ता दावते."

फोनला अंतर मोजायला लावून मी त्यांच्यामागून निघालो. भंगाराची गोदामं, रेल्वे फाटक, मग हायवेची कड. पंक्चरच्या दुकानासमोर त्या थांबल्या.

"एक किलोमीटर नऊशे मीटर झालं," मी म्हणालो. "दवाखाना अजून पुढे आहे. दमलात का?"

"न्हाई रं." दुकानापुढच्या बाकड्यावरून त्यांनी हात फिरवला. "कळा सुरू झाल्यावर लेकीला घेऊन निघाले होते. या बाकड्यावरच गेली ती. पुढचं तू मोज."