फोडणीआधी

सुनेत्राने डावातला वाल बोटांनी दाबला. तो केव्हाच मऊ झाला होता.

“शिजले का गं?” आत्याने फोडणीची पळी हातात घेऊन विचारलं.

“नाही अजून.”

आई गेल्यापासून सुतक म्हणून घरात फोडणी पडली नव्हती. आज ते फिटलं होतं. वालांना फोडणी दिली की घर रोजच्यासारखं होणार होतं, आणि तेच तिला नको होतं.

“वाल आहेत की खडे? तुझ्या आईने एव्हाना जेवणं उरकली असती!”

आत्याचा आवाज ऐकून बाबा स्वयंपाकघरात आले. त्यांनी एक वाल उचलून दाबला. बोटांवर नुसता लगदा राहिला. त्यांनी सुनेत्राकडे पाहिलं.

“आक्का, कच्चेच आहेत. तू बस जरा बाहेर,” बाबा म्हणाले आणि त्यांनी पातेल्यात तांब्याभर पाणी ओतलं.